केळीच्या पानातले कोरडे कपडे

निळ्या लोकरीच्या स्वेटरवर केळीचं पान मिटत होतं — एक घडी, दुसरी घडी, मग कडा आत... भुईगावच्या आमच्या ओटीवर मांडी घालून बसलेले माझे वडील, आबा, बाजारात धाडायचा विड्याच्या पानांचा पुडा बांधावा तशा सवयीच्या हळुवारपणानं माझे कपडे बांधत होते. कापलेल्या केळीच्या चिकाचा, शेणखताचा, भिजल्या सुपारीच्या झावळ्यांचा गंध ओटीवर दाटला होता आणि बाहेर श्रावण आमच्या केळी-पानवेलींच्या वाडीवर अखंड कोसळत होता.

मी दहा वर्षांची होते आणि मला दमा होता. पावसाळा म्हणजे माझ्यासाठी खिडकीचे गार गज, छातीवर चोळलेल्या निलगिरीचा उग्र दर्प आणि इतरांच्या ओल्या पावलांचे आवाज. त्या वर्षी मात्र माझी आत्या — शाळेत भूगोल शिकवणारी, पाठीवर सॅक टाकून एकटी डोंगर हिंडणारी — मला तुंगारेश्वरच्या डोंगरात मुक्कामी नेणार होती.

“पावसात? हिला?” काकू स्वयंपाकघरातून कडाडली. “शाणी की येडी गं तू?”

“घरात कोंडून कुठे बरी झालीय ती, वहिनी?”

आबांनी निकाल दिला. “जाऊ दे. पण खोकत आली, तर पुन्हा डोंगराचं नाव काढायचं नाही.”

आत्यानं पुढे केलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी बाजूला सारली. “त्यात जिन्नस घुसमटतो,” म्हणाले.

डोंगरावरचा पाऊस आडवा येत होता. धुकं कानांत शिरत होतं, गारवा पाठीच्या कण्यातून उतरत होता. संध्याकाळी पत्र्याच्या धर्मशाळेत पोहोचलो, मी पुडा सोडला... आणि पाहिलं, तर आतले कपडे गारढोण, ओलेकंच! शेवटची घडी घालण्यापूर्वी विड्याच्या पानांवर पाणी शिंपडायचं, म्हणजे ती टवटवीत राहतात, ही वाडीची रीत. आबांच्या हातांनी ती त्यांच्याही नकळत पाळली होती.

आत्या डोळ्यांत पाणी येईतो हसली. “दादानं तुला बाजारात पाठवायला बांधलंय गं!”

मग तिला माझ्या छातीतली शिट्टी ऐकू आली आणि तिचं हसू मावळलं. तिनं मला खसाखसा पुसलं, स्वतःच्या पिशवीतला एकुलता एक कोरडा सदरा माझ्या अंगात घातला, पोटाशी वर्तमानपत्राच्या घड्या खोचल्या, गूळ-शेंगदाणे भरवले आणि आपण ओल्या पदरानिशी मला पाठीमागून मिठी घालून बसली. शिट्टी हळूहळू विरत गेली.

सकाळी तिनं विचारलं, “परत फिरायचं?”

कोरडा सदरा पुढच्या मुक्कामासाठी जपायचा होता. मी तो काढला, घडी करून तिच्या पिशवीत ठेवला आणि कालचा ओला फ्रॉक, कालचे ओले मोजे चढवले. त्या बर्फगार लोकरीत पाय घालताना दातांवर दात आपटले... पण पहिल्याच चढावर माझ्याच रक्तानं माझेच मोजे ऊबदार झाले! ती ऊब मला कुणी दिलेली नव्हती.

घरी परतले तेव्हा आबांनी माझ्या पाठीला कान लावला. शांत होती छाती. तिसऱ्या दिवशी मात्र खोकला आलाच आणि काकूच्या चेहऱ्यावर विजय उजळला.

“पुढच्या वर्षीपण जाणार,” गोधडीतून मी खोकत खोकतच म्हटलं.

आबांनी माझ्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग म्हणाले, “पुढच्या वेळी प्लास्टिकची पिशवी आणू.”

आता आबा नाहीत, आत्या नाही. वाडीच्या अर्ध्या भागावर इमारत उभी आहे. या वयात, या छातीनं, या दिवसांत डोंगर नको, असं डॉक्टर दर पावसाळ्यात बजावतात. मी त्यांचं सगळं ऐकून घेते, लिहून दिलेला दम्याचा पंप सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवते आणि बुटांच्या नाड्या आवळते. चढावर श्वास अडतो, तेव्हा एखाद्या कातळाला टेकते, तो परत येईपर्यंत थांबते — आणि मग वरच्या दिशेनंच चालू लागते.