पुंड्या उसाची कांडी

पुतण्या जहाजावर नोकरीला आहे. परवा ताहितीहून रमची बाटली घेऊन आला. म्हणाला, "काका, तिकडचा जुना ऊस संपलेला. एका म्हातारीच्या परसात थोडा सापडला. तोच वाढवून ही रम बनवतात."

मी पीत नाही. नुसतं झाकण उघडलं, तर टिटवाळ्याचा आमचा मळा नाकात शिरला. आमच्या पुंड्या उसाला हाच वास होता. मनगटाएवढा जाड, दाताने सोलावा इतका मऊ.

तरुणपणी एके दिवशी कल्याणच्या रसवाल्याने माझी या उसाची मोळी परत केली. "चरकात नुसता चेंदा होतो याचा," म्हणून चारचौघांत हसला. मी तडक घरी आलो आणि सगळा ऊस मुळासकट खणून काढला. बायको एक कांडी धरून बांधावर उभी राहिली.

"अवो, मामंजींनी लावलेला. एवढी तरी परसात लावू द्या."

"मला शिकवतेस?" म्हणत मी कांडी हिसकावली आणि गाईपुढे टाकली. गाय कराकरा चावत होती, अंगणभर गोड वास सुटला होता.

आता तिथं इमारत आहे. बायकोही गेली. चुकलो असं तिला कधी म्हणालो नाही.

मी झाकण घट्ट लावलं. त्या बेटावरच्या म्हातारीच्या हातातून कुणी कांडी हिसकावली नव्हती.