एका हाताचा स्वयंपाक

माझा उजवा हात मोडला तेव्हा सासरी येऊन मला दोन वर्षं झाली होती. भाताची लावणी नुकती आटपली होती. नदीवरून पाणी आणताना शेवाळलेल्या दगडावर पाय घसरला आणि मी हातावरच पडले. पलीकडच्या वाडीतून हाडं बसवणारा वैदू आला आणि बांबूच्या कामट्या बांधून गेला. दीड महिन्याने त्या सोडल्या, तर हात कोपरात वाकेना आणि बोटांत साधी वाटी धरवेना.

आमचं घर खालापूरच्या बाजूला, भातखाचरांच्या कडेला. घरात सासू, सासरे आणि मी. माझे यजमान कर्जतच्या स्टेशनात कामाला होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना तिथे जादा इंजिन जोडत, त्यात कोळसा भरायचं काम त्यांच्याकडे होतं. पंधरा-पंधरा दिवस ते घरी येत नसत.

सासूबाई कमी बोलणाऱ्या. दोन वर्षांत त्या मला कधी टाकून बोलल्या नव्हत्या आणि त्यांनी कधी जवळही घेतलं नव्हतं. मला त्यांची भीती वाटायची.

कामट्या सुटल्यावर चार दिवसांनी सासऱ्यांची बहीण आली. मी आत डाव्या हाताने तांदूळ निवडत होते. कुडाच्या भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"वयनी, पोरीचा हात गेला," ती म्हणाली. "तू तरी किती दिस राबशील? पोराला दुसरी कर. हिला बापाकडं धाड."

"बघू," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

त्या एका शब्दाने मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठल्यावर माझी दोन लुगडी मी गाठोड्यात बांधून कोपऱ्यात ठेवली. कुणी जा म्हणायच्या आत आपणच तयार असावं, असं वाटत होतं.

सासूबाईंनी गाठोडं पाहिलं. मग चुलीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "ये गं इकडं. माझा उजवा हात कमरेशी बांध."

"आत्याबाई, असं काय करता?" मी सासूबाईंना म्हणाले.

"बांध म्हणलं ना. घट्ट बांध. आज सैपाक मी करणार. तू निस्ती बघ, आन् मी कुठं कुठं अडते त्ये ध्यानात ठेव."

डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारून मी त्यांचा हात बांधला. त्या कामाला लागल्या.

पहिल्यांदा अडल्या त्या उतरंडीशी. एकावर एक सहा मडकी, मोठं खाली, लहान वर. पीठ खालून दुसऱ्या मडक्यात. वरची चार उतरवल्याशिवाय ते मिळायचं नाही. एका हाताने वरचं उचलायला गेल्या तर सगळी उतरंड डुलली. "ह्ये एक," त्या म्हणाल्या. मग पाण्याच्या रांजणाशी अडल्या, कारण झाकण धरायला एक हात लागे आणि पाणी काढायला दुसरा. कालवण ढवळताना भांडंच गरागरा फिरू लागलं. शेवटी भात वेळायची, म्हणजे शिजल्यावर त्यातलं पाणी काढून टाकायची, वेळ आली. पेज काढायला त्यांनी तापलेलं भांडं एका हाताने कलतं केलं आणि सगळा भात राखेत गेला.

मी घाबरून उभीच राहिले. पानात दाणा टाकलेला त्यांना खपत नसे. त्या राखेकडे बघत बसल्या आणि एकदम हसू लागल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

"तीस वरसं मी ह्या कोपऱ्यात उठबस करते," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं जसं मांडून दिलं तसंच ठेवलं. दोन हात हायत म्हणून कळलंच नाय, किती उगाच वाकते त्ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांकडून ऐनाच्या लाकडाची एक लांब फळी तासून घेतली आणि बसल्या जागी हात पोहोचेल एवढ्या उंचीवर भिंतीला बसवायला लावली. ती कशासाठी हे कळल्यावर सासरे बिचकले.

"लग्नात मांडलेली उतरंड हाय ती. मोडायची नसते."

"मोडतंय कोन? आडवी मांडते," सासूबाई म्हणाल्या.

सहाही मडकी फळीवर ओळीने बसली. रोज लागणारं पीठ, मीठ, मिरची माझ्या डाव्या हाताला, आणि क्वचित लागणारं पलीकडच्या टोकाला. रांजणावर बांबूची विणलेली हलकी झाकणी आली, ती बोटाने बाजूला सरे. भांडं फिरू नये म्हणून चुलीजवळ मातीचं कडं केलं, त्यात ते घट्ट बसे. भाताचा प्रश्न सुटायला मात्र आठ दिवस गेले. आम्ही दोघींनी चुलीला लागून चुलीएवढ्याच उंचीचा मातीचा ओटा घातला. पहिला खचला, दुसऱ्याला तडा गेला, तिसरा टिकला. भांडं उचलायचंच नाही, सरकवत ओट्याच्या काठावर आणायचं आणि खालच्या परातीत पेज कलती करायची.

भाकरीची युक्ती माझी. थापलेली भाकरी एका हाताने उचलताना फाटायची. मी ती केळीच्या पानावर थापली आणि पानासकट तव्यावर उलटी घातली. पान सोललं तर भाकरी अख्खी. सासूबाईंनी ती मोडून खाल्ली आणि म्हणाल्या, "आता मला शिकीव."

यजमान घरी आले तेव्हा त्यांच्या आत्याचं, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीचं, बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी धीर करून विचारलं, "तुमच्या मनात काय हाय?"

"आयेनं हात बांधून घेतला म्हनं," ते म्हणाले. "मग मी येगळं काय बोलू?" जाताना माझ्या हातच्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून घेऊन गेले. त्यानंतर मी गाठोडं सोडलं.

नवा भात घरात आल्यावर सासऱ्यांची बहीण पुन्हा आली. तिला मीच वाढलं. जेवून उठल्यावर ती स्वयंपाकघरात आली, फळीवरून हात फिरवला, ओटा दाबून पाहिला. मग म्हणाली, "वयनी, माझं बी गुडघं धरतात. अशी फळी मला दाद्याकडनं करून दे की."

सासरे हसत तासणी शोधायला गेले.

हात पुढे थोडा सुधारला, पूर्ण कधीच नाही. अक्षरं मी बऱ्याच उशिरा, मुलीच्या पुस्तकावरून शिकले, तीही डाव्या हाताने. पण ती मुलगी व्हायची होती तेव्हाची गोष्ट आठवते. सातव्या महिन्यात मला खाली बसवेना. सासूबाईंनी पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी माती कालवायला घेतली. चूल उंचावर न्यायची, उभ्याने स्वयंपाक करायचा, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. गावात कुणाकडे तशी चूल नव्हती. "बघू जमतंय का," त्या म्हणाल्या आणि मला पाण्याचा तांब्या आणायला पाठवलं.