ताटावरचा हात

काका जेवायला बसले की आधी डावा हात ताटावर आडवा धरायचे. तेव्हा मी काही वाढलेलंही नसायचं. रिकाम्या ताटावर हात धरून ते म्हणायचे, "नाही. फुल स्टॉप." मग हात बाजूला घ्यायचे. "हं, वाढा आता. प्रॅक्टिस झाली."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला सगळं आयुष्य झाल्यावर सुधारायची घाई होते. आमचे काका नात्यातले नाहीत, शेजारी; अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तरुणपणी पुण्याहून अमेरिकेत आले, इंजिनियर म्हणून नोकरी केली, इथेच रिटायर झाले. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत माझ्या मुलाच्या घरापासून तिसरं घर त्यांचं, अगदी कोपऱ्यावरचं. काकू गेल्यावर त्यांची जेवणाची पंचाईत झाली. मुलगा मला म्हणाला, "आई, त्यांच्या पोळ्या करशील का?" मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी दिवसाआड सकाळी दहाला त्यांच्याकडे जायला लागले.

दहालाच त्यांचा टीव्हीवरचा कार्यक्रम असायचा. पिवळा कोट घातलेली एक उंच बाई कुणाच्या तरी घरी जायची आणि तासाभरात त्या माणसाला सुधारून परत यायची. काका तिला "आमची बाई" म्हणायचे. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी कळत नाही. म्हणून काका दर दोन मिनिटांनी रिमोट दाबून चित्र थांबवायचे आणि मला मराठीत सांगायचे. तासाचा कार्यक्रम आम्हाला जेवणापर्यंत पुरायचा. बाई तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजलेली असायची आणि मी कणीक मळत ऐकायची.

बाई जे सांगेल ते काका त्याच दिवशी करून बघायचे. एकदा तिने सांगितलं, रोज एका माणसाचं मनापासून कौतुक करा. काकांनी मला म्हटलं, "ताई, पोळी गोल झालीय." पुढच्या खेपेला म्हणाले, "आजही गोल." मग समोरच्या गोऱ्या बाईंच्या हिरवळीचं कौतुक सुरू केलं. आठवडाभर रोज सकाळी त्यांच्या कुंपणापाशी जाऊन ते "ब्युटिफुल" म्हणत. शेवटी त्या बाईंनी भिडेपोटी काकांचंही गवत कापून दिलं. काका म्हणाले, "बघा, पद्धत वर्क करते."

दुसऱ्या खेपेला धडा होता, आरशासमोर उभं राहून स्वतःशी प्रेमाने बोला. काका बाथरूममध्ये इंग्रजीत बोलत होते. मी म्हटलं, "काका, मराठीत बोला की."

"बोलून बघितलं. मराठीत सुरू केलं की वडिलांचा आवाज निघतो. 'गाढवा, अजून झोपलायस?' म्हणून इंग्रजीच बरं."

मग 'नाही' म्हणायचा धडा आला. काकांनी चित्र थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हा एपिसोड तुमच्यावर आहे."

खोटं नव्हतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका मला फोन करायच्या, "मावशी, शंभरच पुरणपोळ्या हव्यात हो, तुमच्यासारख्या कुणाला जमत नाहीत." मी हो म्हणायची आणि मग आठवडाभर खांदा शेकत बसायची. काकांना हे माहीत होतं. त्यांनी माझी तयारी घ्यायला सुरुवात केली.

"ताई, उद्या माझ्यासाठी चाळीस पोळ्या करा."

मी नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "जाड करू की पातळ?"

काकांनी कपाळाला हात लावला.

चार दिवसांनी मी हळूच "नाही" म्हणायला शिकले, तर काका म्हणाले, याने भागणार नाही. "आपल्याकडे पहिलं नाही म्हणजे लाज, दुसरं म्हणजे रीत. तिसऱ्यालाही लोक वाढतातच. आमच्या बाईला कुणी श्रीखंडाचा आग्रह केलेला नाही, म्हणून तिला सोपं वाटतं."

म्हणून त्यांनी तिच्या धड्यात स्वतःची भर घातली. हात ताटावर, नजर समोर, आणि तिसऱ्यांदा नाही म्हटलं की सरळ पानावरून उठायचं. एका घरी जेवायला गेले तेव्हा त्यांनी हे करून दाखवलं म्हणे. हात ताटावर ठेवला. त्या घरच्या वहिनींनी श्रीखंड हातावरच वाढलं. काका म्हणाले, "चाटावंच लागलं. पण उठलो मी वेळेवर."

सगळ्यांना शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःची एक गोष्ट मात्र ऐकून घेता येत नव्हती. ती म्हणजे गाडी. इथे कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी लागते. काकांची चंदेरी गाडी जुनी होती, आणि तिच्या चारही कोपऱ्यांना पोचे होते. त्यांची मुलगी शिकागोला असते. इथेच जन्मली, मराठी समजतं, बोलताना अडखळते. ती रोज बाराला फोन करायची. काका फोन स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. एकदा ती म्हणाली, "बाबा, नो मोअर चान्सेस. अजून एकदा कुठे ठोकली, तर गाडी विकायची आणि तुम्ही माझ्याकडे. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," काका म्हणाले, आणि फोन ठेवून मला सांगितलं, "आता मी ठोकणारच नाही, म्हणजे प्रश्नच नाही." काकूंनी लावलेला कढीपत्ता त्यांच्या मागच्या दारी कुंडीत होता. ते घर सोडायचं त्यांच्या मनातही येत नव्हतं.

एका मंगळवारी दहाला मी त्यांच्याकडे निघाले होते. दोन घरांच्या अंतरावरून दिसलं, काकांची गाडी उलटी मागे येत होती. मला वाटलं थांबेल. ती थांबली नाही. पत्रांच्या पेटीच्या खांबावर आदळली आणि पेटी फुटपाथवर आडवी झाली. काका उतरले, पेटीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि मी दिसले तशी मान खाली घातली.

त्याच कोपऱ्यावर शाळेची बस येते. माझी नात रोज पावणेआठला त्याच खांबाला टेकून उभी राहते. तेव्हा दहा वाजले होते, तिथे कुणी नव्हतं. तरी मी आधी त्या आडव्या पेटीमागे वाकून पाहिलं.

आत गेले तर टीव्ही बंद. काका खुर्चीत बसले होते, किल्ली मुठीत. माझी भाजी-कणीक होऊन साडेअकरा वाजले, तेव्हा ते बोलले.

"ताई, सकाळी कचऱ्याची गाडी आली होती ना?"

"ती सोमवारी येते, काका. आज मंगळवार."

"मग कुरियरची. कुरियरवाले कसेही चालवतात." किल्ली दुसऱ्या मुठीत घेत म्हणाले, "समोरच्या बाईंनी पडलेल्या पेटीचा फोटो पाठवलाय माझ्या पोरीला. ती बाराला तुम्हालाच विचारणार. तुमच्यावर विश्वास आहे तिचा. एवढंच सांगा, कुरियरवाल्याने ठोकली, तुम्ही पाहिलंत."

मी पोळपाट मांडत होते. माझ्या तोंडून शब्द आला, "नाही."

काकांचा चेहरा खुलला. "शाब्बास. आवाज छान आला. पण आता प्रॅक्टिस राहू दे. सांगाल ना?"

"नाही, काका."

"ताई, मला शिकागोला जावं लागेल हो. हे घर जाईल. एकदाच सांगा, परत कधी मागणार नाही काही."

मला ते घर दिसत होतं, कढीपत्ता दिसत होता. आणि खांबाला टेकलेली नातही दिसत होती. त्यांचं ताट टेबलावर मांडलेलं होतं. मी त्याच्यावर हात आडवा धरला आणि म्हटलं, "नाही." माझे डोळे वाहत होते. मग मी पोळ्या न लाटताच उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

बाराला फोन वाजला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मीच ठोकली," काका म्हणाले. "रिव्हर्स घेताना." मग बराच वेळ ती बोलत होती. शेवटी काका म्हणाले, "नाही, ताईंना काही विचारू नकोस. त्या बाहेर आहेत. कढीपत्त्याला पाणी घालतायत."

मी घालत नव्हते, पण मग घातलं.

आत आले तेव्हा किल्ली त्यांच्या ताटात ठेवलेली होती. मी विचारलं, "पोळ्या लाटून जेवायला वाढू?"

"वाढा. आज आमची बाई आली नाही, तरी एपिसोड झाला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दहापैकी नऊ मार्क. एक कापला. रडत नाही म्हणायचं नसतं."

त्याच आठवड्यात मंडळातून शंभर पुरणपोळ्यांसाठी फोन आला. मी एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा पन्नासवर मिटलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "फिफ्टी पर्सेंट. पास."

दोन महिन्यांत घर विकलं गेलं. मुलगी स्वतः न्यायला आली. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, थँक यू." कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. कढीपत्त्याची कुंडी काकांनी माझ्याकडे ठेवली, शिकागोच्या थंडीत ती जगणार नाही म्हणून. नव्या लोकांनी खांब नवा लावलाय, पांढरा. नात त्यालाच टेकून उभी असते. सकाळचे दहा वाजले की अजून मी उगाच हात ओले करते, कणीक भिजवायला.

रविवारी काकांचा व्हिडिओ कॉल येतो. परवा आला तेव्हा ते जेवायलाच बसले होते. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"सगळं चांगलं आहे. पोरीने मला डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात नेलं, कोथिंबीर काय, अळूसुद्धा मिळतं. त्रास एकच आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "इथे एकदा नाही म्हटलं की भांडं उचलतात, ताई. परत विचारतच नाहीत. पोरीला वाटतं, बाबांना नको असेल. पहिल्या आठवड्यात तीन दिवस अर्धपोटी उठलो."

"मग तुमच्या बाईला विचारा की."

"तिच्याकडे हो म्हणायचा एपिसोडच नाहीये." त्यांनी रिकामं ताट फोनसमोर धरलं. "तुम्ही एकदा आग्रह करून बघा."

माझ्यासमोर तव्यावरून उतरवलेली पोळी होती. मी ती फोनपुढे धरली. "घ्या काका, गरम आहे."

काकांनी हात ताटावर आडवा धरला. "नाही. फुल स्टॉप."

"एकच हो, काका."

"नाही म्हटलं ना."

"माझ्यासाठी घ्या."

त्यांनी हळूच हात ताटावरून बाजूला घेतला.