पाला चाव, मंग घरात ये

परवा पाडव्याला कडुनिंबाचं पान दाताखाली आलं आणि नांदुऱ्याच्या घराचं अंगण डोळ्यांपुढे उभं राहिलं. तेव्हा समुद्राकाठी अणुवीज केंद्र बांधून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. पहिल्यांदाच सुट्टीवर आलो होतो. माझी लहान मुलगी धावत आली, तर माझ्या वडिलांनी, आबांनी, तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"थांब तठीच! आंघोळ कर, पाला चाव, मंग घरात ये." मसणातून आल्यावर करतात, अगदी तसं.

"आबा, अजून नुसतं सिमेंट अन् लोखंड हाये. अणुभट्टी सुरू कुठी झाली?"

"मंग दारावर बंदूकवाले काऊन? नुसत्या सिमेंटले कोनी राखते काय बे?"

चिडून अंगणातच गार पाणी अंगावर घेतलं, कडू पाला चावून थुंकला. तरीही मुलगी दिवसभर आबांच्या धोतराआडूनच माझ्याकडे बघत राहिली.

पुढे केंद्र सुरू झालं. बाहेर पडताना हात धुवायचे, अंगाला किरणोत्सारी धूळ लागली नाही ना हे यंत्राने तपासल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, अशी पाटी दारावर लागली. खाली सही माझीच होती. पहिल्या संध्याकाळी मीही हात धुऊन यंत्रापुढे उभा राहिलो, आणि काही न खाता तोंड कडू झालं.