त्रिवेणीबाई थांबायला शिकल्या

त्रिवेणी उमरीकर बरकतपुऱ्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवत होत्या. घरी मराठी, बाजारात दख्खनी, शेजारणींशी तेलुगू आणि वर्गात इंग्रजी. चारही भाषा त्या सारख्याच भरभर बोलत. त्यांचा तास सुरू झाला की मुलांना श्वास घ्यायला फुरसत नसे.

गेल्या जूनमध्ये शाळेनं शिक्षकांसाठी एक ॲप घेतलं. मोबाइल टेबलावर ठेवायचा, तास रेकॉर्ड करायचा, दुपारपर्यंत अहवाल हजर. बाईंचा पहिला अहवाल आला. शिक्षकाचं बोलणं एक्याण्णव टक्के. विचारलेले प्रश्न त्रेचाळीस. प्रश्नानंतर उत्तराची वाट पाहिली, सरासरी एक सेकंद.

बाई स्टाफरूममध्ये भडकल्याच. "इतकी वर्षं शिकवल्यावर हा डबा मला मार्क देणार? नक्को बाबा!"

विज्ञान शिकवणारी तेजश्री त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती हळूच म्हणाली, "ताई, मी एक दिवस तुमच्या वर्गात मागं बसू? मार्क द्यायला नाही, नुसतं बघायला."

नाही म्हणता येईना, म्हणून बाई हो म्हणाल्या. सहावीला अपूर्णांक चालले होते. तास संपल्यावर तेजश्रीनं वही उघडली. तिच्यात एकाच मुलीबद्दल लिहिलं होतं.

"तिसऱ्या बाकावरची भामा. तुम्ही प्रश्न विचारलात की तिचे ओठ हलायचे. बहुतेक तेलुगूत मांडून बघत होती. ती तोंड उघडणार, तोवर तुम्ही उत्तर फळ्यावर लिहून मोकळ्या. ताई, असं अकरा वेळा झालं."

ॲपचे आकडे बाईंनी झटकून टाकले होते. हे अकरा काही झटकता येईनात. आठवड्यापूर्वीच्या पालकसभेत भामाच्या आईला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, "मुलगी गणितात कच्ची आहे."

मग त्या तेजश्रीला म्हणाल्या, "नोकरीच्या पहिल्या वर्षी तपासणीला साहेब आले होते. त्यांनी प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प. 'मुलांना काही येत नाही' असा शेरा मारून गेले. तेव्हापासून वर्ग गप्प झाला की मला धीर धरवत नाही, मीच उत्तर सांगून टाकते गं."

"मग प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा."

ऐकायला सोपं होतं. पहिल्या आठवड्यात बाई एक ते पाच इतक्या झपाट्यानं मोजत, की ॲपनं दाखवलं दोन सेकंद! दोघी पोट धरून हसल्या. कधी बाई विसरत, कधी हुशार मुलं मध्येच उत्तर फोडत. पण त्यांनी सोडलं नाही.

ऑगस्टमध्ये एकदा त्यांनी विचारलं, "दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश?" पुढची मुलं हात नाचवू लागली. बाईंनी त्यांना खुणेनं थांबवलं, आणि स्वतःही थांबल्या. मनातले पाच संपले, तरी त्या मोजत राहिल्या. मग भामा उठली, फळ्याशी गेली आणि खडूनं दोन पोळ्या काढून, एकीचे तीन नि दुसरीचे चार भाग पाडून अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या इंग्रजीत सांगू लागली.

"टीचर, दोन्हींत एकेकच तुकडा उरला. चार भागांतला तुकडा लहान. म्हणजे तिथं कमी उरलं. म्हणून तीन चतुर्थांश मोठा."

बाईंनी आजवर हे उदाहरण छेद सारखे करूनच सोडवून दिलं होतं.

त्या दिवशीच्या अहवालात लिहून आलं, 'अडतीस सेकंद वर्ग निष्क्रिय.' तेजश्री वैतागली. "याला काय कळतंय!"

"त्याला फक्त आवाज ऐकू येतो," बाई म्हणाल्या. "पण मी एकच सेकंद थांबते, हे तू मला तोंडावर सांगितलं असतंस का? भीड पडली असती तुला."

तेजश्रीनं हसून मान डोलावली.

मधल्या सुट्टीत बाईंनी भामाच्या आईला फोन लावला. ती दिलसुखनगरला साड्यांच्या दुकानात कामाला होती. शाळेतून फोन म्हटल्यावर ती घाबरलीच. "काय केलं हो पोरीनं?"

"तिनं काही नाही केलं. मीच पालकसभेत चुकीचं बोलले," बाई तेलुगूत म्हणाल्या, आणि त्या दोन पोळ्यांची गोष्ट तिला पहिल्यापासून, सावकाश सांगू लागल्या.