सूर्याचं काम आणि कावळ्याची वाट

माझे वडील चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात होते. गाड्यांचे घडीव भाग त्यांच्यासमोर येत. ते त्या भागाला चुंबकत्व देत, वर लोखंडाच्या भुकटीचं पाणी सोडत आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली निरखत. जिथे तडा असेल तिथे भुकटी गोळा होऊन हिरवी चमके. मग त्या भागाला लाल टॅग लागे आणि तो बाद होई.

मीही चुंबकत्वच तपासते, पण सूर्याचं. अंतराळातल्या दुर्बिणी सूर्याचे चुंबकीय नकाशे पाठवतात. राखाडी पाटीवर पांढरे आणि काळे डाग असतात, पांढरे म्हणजे एक ध्रुव आणि काळे म्हणजे दुसरा. माझी पद्धत सांगायला सोपी आहे. नकाशा म्हणजे पाण्यात बुडालेला डोंगराळ मुलूख आहे असं समजायचं आणि पाणी हळूहळू उतरवायचं. आधी शिखरं बेटांसारखी वर येतात. मग बेटं एकमेकांना मिळतात, त्यांच्यामध्ये तळी अडकतात, पुढे तीही आटतात. कोणतं बेट आणि कोणतं तळं कोणत्या पातळीला जन्मलं आणि कोणत्या पातळीला मेलं, याची नोंद प्रोग्राम करतो. चटकन मरतात ती बहुतेक यंत्राची खरखर असते, टिकतात ती खरी रचना. या रचनेवरून एखादा डाग भडकणार, म्हणजे त्यातून सौरज्वाळा उठणार, की नाही याचा अंदाज येतो का, हा माझ्या पीएचडीचा विषय. घरात याचं एका ओळीत भाषांतर झालं होतं. आत्या पाहुण्यांना सांगायची, "पोरगी सूर्याची भोकं मोजती."

वडिलांनी एकदा माझा एक छापील नकाशा उचलून कंपनीत नेला आणि बाद मालाचे फोटो लावतात त्या फळ्यावर लाल टॅगसकट टाचून ठेवला. नवे सुपरवायझर साहेब अर्धी शिफ्ट तो भाग शोधत फिरले. शेवटी वडिलांपाशी आले.

"नाना, हा कुठल्या पार्टीचा माल आहे?"

"वरच्या."

"वरच्या म्हणजे?"

वडिलांनी बोट आढ्याकडे केलं. "तपासणी झाल्यावर मालातलं चुंबक काढायचं असतं साहेब. त्यांनी काढलं नाही. म्हणून इतकी वर्षं पेटलाय."

वडील गेले तेही शिफ्टला निघताना, बूट घालत असताना. त्यानंतर मी लॅपटॉप उघडला नाही. प्रोग्रामच्या नोंदीतले जन्म आणि मृत्यू असे शीर्षक असलेले दोन रकाने मला बघवेनात. चाकणच्याच एका कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी समोर होती. गाड्यांच्या सेन्सरच्या आकड्यांना कुणी जन्म-मृत्यू म्हणत नाही. मी पीएचडी सोडायचं ठरवलं आणि फक्त धाकट्या भावाला सांगितलं. भावाच्या पोटात काही राहत नाही हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवसांत डोकं जागेवर नव्हतं.

दहावा मोशीला इंद्रायणीच्या घाटावर झाला. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड मांडला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं आमच्याकडे धरतात. मग जवळची माणसं पुढे होऊन शब्द देतात. कावळे समोरच्या लिंबावर भरपूर होते. खाली एकही येईना.

भाऊ पुढे झाला. "नाना, आईला मी संभाळीन." कावळा नाही.

"तंबाखू ठेवा जरा पिंडापाशी," मागून कुणीतरी सुचवलं. ठेवली. कावळा नाही.

गावातले एक पुढारी हात जोडून म्हणाले, "नानांच्या गल्लीतलं ड्रेनेजचं काम मी याच वर्षी करून देतो."

"असल्या बोलीवर कावळा उपाशी मरंल," चुलत्यांचा एक मित्र पुटपुटला आणि दहाव्याच्या गर्दीत दबकं हसू पसरलं. माझी आईसुद्धा पदराआड हसली. ती त्या दिवसांत पहिल्यांदाच हसली.

मग चुलते पुढे झाले. वडिलांशी त्यांचा बांधावरून जुना वाद होता. बराच वेळ त्यांनी घसा खाकरला. "दादा, बांधाचा दगड मी मागं घेतो." सगळे चमकले. तरीही कावळा नाही. चुलत्यांचा चेहरा दगड फुकट गेल्यासारखा झाला.

ऊन चढत होतं. दुसऱ्या शिफ्टची माणसं घड्याळं बघत होती. तेवढ्यात लिंबाखालून आत्याचा आवाज आला. "आगं, तू बोल की काय ते."

"मी काय बोलू?"

"सूर्याचं बोल."

भावाने मान खाली घातली. मला कळायचं ते कळलं. "आत्या, ते मी सोडलंय," मी हळूच म्हणाले.

"मंग बस हितंच. आमी बी बसतो. जेवणं निवू दे."

शेकडो डोळे माझ्याकडे वळले. मी पिंडासमोर गेले आणि म्हणाले, "नाना, ते काम मी पुरं करीन. भडकलेल्या डागांचे नकाशे राहिलेत, ते आधी करते. शांत डागांचे मागून."

कावळा आला. एक नाही, तीन आले. लोक हात जोडून लगेच पंगतीकडे वळले.

संध्याकाळी चुलतभावाने दहाव्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मी तो बघत होते. कोपऱ्यात लिंबाखाली आत्या उभी होती, हातात मिटलेली काळी छत्री. कावळा फांदीवरून खाली झेपावला की छत्री झटकन वर जायची आणि तो परत फिरायचा. भावाच्या वेळी, तंबाखूच्या वेळी, पुढाऱ्यांच्या वेळी, चुलत्यांच्या वेळी तेच. माझं बोलणं संपलं आणि छत्री खाली आली.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत्या लसूण सोलत होती.

"आत्या, तू कावळे हाकलत होतीस?"

तिने व्हिडिओ नीट बघितला. "व्हय. किती जाड दिसती मी."

"आणि काकांचा बांध?"

"त्यो बी छत्रीनंच सुटला. पण त्याला सांगू नगंस, न्हाईतर उद्या परत दगड रोवंल."

"मग माझं वचन काही खरं नाही. तू फसवून घेतलंस."

"कावळा अडवला मी. तुझ्या तोंडाला कुणी हात लावला व्हता का?" तिने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "आन सोडायचंच व्हतं तर नुसतं 'पुरं करीन' म्हणून गप बसली असतीस. तू तर आधी काय, मागून काय, ते बी सांगत बसलीस. कावळ्याला काय करायचंय ते?"

तो क्रम मी ठरवून बोललेच नव्हते. सोडलेल्या कामाचा क्रम माझ्या तोंडात तयार होता, ही गोष्ट मला त्या कावळ्यांपेक्षा जास्त विचित्र वाटली. दुसऱ्या दिवशी मी चाकणच्या कंपनीला नकार कळवला. पुढच्या आठवड्यात ताथवड्याला कॉलेजात गेले. माझे मार्गदर्शक मूळचे लातूरकडचे आहेत. त्यांना मी सगळा प्रकार सांगितला. ते आधी गंभीर झाले, मग त्यांना हसू आवरेना.

"आत्याबाईंना एकदा विभागात आणा की हो," ते म्हणाले. "अजून तिघांचे प्रबंध अडकलेत."

मी भडकलेल्या डागांचा पहिला नकाशा प्रोग्रामला दिला. दोन रकाने भरू लागले. प्रत्येक नकाशात एक बेट असं असतं की ते सगळ्यांत आधी वर येतं, बाकीची बेटं त्यालाच येऊन मिळतात आणि त्याचा शेवट होतच नाही. त्याच्या मृत्यूच्या रकान्यात प्रोग्राम अनंत लिहितो. हा साधा गणिती नियम आहे, आणि आलेख काढण्याआधी ती ओळ काढून टाकायची असते, कारण अनंत कागदावर मावत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवलेलं आहे.

त्या दिवशी मी ती ओळ ठेवली. आलेखाचे बाकीचे ठिपके एका कोपऱ्यात चिरडले गेले आणि सगळं चित्र वाया गेलं.

सर मागून येऊन बघत उभे राहिले. "अहो, ती अनंताची ओळ काढायची राहिली."

"राहिली नाही सर," मी म्हणाले. "उद्या काढते."