गाद्यांवरचे साहेब

दस्तगीरचाचांच्या दुकानात उभ्यानं बोलायची सोय नव्हती. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो की पत्ता विचारायला थांबलेला ट्रॅक्टरवाला, चाचा आधी त्याला गादीवर आडवा करायचे. "आधी पाठ टेक. मग बोल." इंदापूरच्या भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, एक फौजदारसाहेब टोपी पोटावर ठेवून चाचांच्या गादीवर पडलेले मी स्वतः पाहिलेत. गादी त्यांनी घेतली नाही, पण उठताना चेहरा मात्र निवांत झाला होता.

चाचा नदाफ, म्हणजे पिढीजात गादीवाले. आसपासच्या विश्रामगृहांच्या आणि सरकारी वसतिगृहांच्या गाद्या त्यांच्याकडेच भरायला यायच्या. "हितल्या झाडून सगळ्या साहेबांच्या पाठी मला म्हाईत हायेत," ते म्हणायचे. "कुणाला कडक लागती, कुणाला मऊ. खुर्चीत मातुर सगळे कडकच दिसत्यात." हे सांगताना त्यांच्या दाढीत कापसाचे पुंजके असायचे आणि डोळ्यांत खोडी. दाराशी शिलाई मशीनवर चाची खोळी शिवायची. चाचांचं बोलणं कितीही रंगलं तरी तिचा मशीनवरचा पाय थांबायचा नाही.

मी मूळची पळसदेवची. बारामतीला समाजकार्य शिकले, तिथल्याच एका संस्थेच्या इंदापूरच्या कामावर लागले आणि एका अधिकाऱ्याशी असं कडाक्याचं भांडले, की आठवड्याच्या आत संस्थेनं माझ्या हातात नारळ दिला. तेव्हा मी चाचांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मग जाहिरात दिसली. पूर-दुष्काळात मदतकार्य करणाऱ्या एका मोठ्या संस्थेला बारामतीच्या कार्यालयासाठी 'शासकीय भागीदारी अधिकारी' हवा होता. त्या भागात एवढी एकच संस्था उरली होती, जिथं माझी कीर्ती पोचली नव्हती. ही नोकरी हुकली तर खोली सोडून मुकाट पळसदेवला परतायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि मला परतायचं नव्हतं.

अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं. चाचांना सांगायला गेले, तर त्यांनी मला आधी आडवं केलं आणि विचारलं, "म्हंजी नेमकं करायचं काय?"

"सरकारी खात्यांशी करार करायचे. संकट आलं की संस्थेनं आणि सरकारनं मिळून काम करायचं, असे."

"म्हंजी सरकारशी सोयरीक जमवायची," चाचा म्हणाले. "आन तू ही अशी भांडकुदळ. पोहे खायच्या आत मुलाकडचे उठून जात्याल."

ते खरंच होतं. चाचांनी दाढी खाजवली. "उद्यापास्नं मी साहेब. माझी सही घेऊन दाखव."

दुसऱ्या दिवशी खाली उतरले तर दुकानाचं रूप पालटलेलं. गाद्यांवर गाद्या रचून त्या ढिगाच्या शेंड्यावर चाचा मांडी घालून बसले होते. डोकं जवळजवळ पत्र्याला टेकलेलं, चष्मा नाकाच्या टोकावर.

"साहेब आहेत का?" मी विचारलं.

"साहेब मीटिंगमध्ये हायेत," मशीन न थांबवता चाची म्हणाली.

वर साहेब एकटेच शेंगा खात होते. मी खाली बाकावर बसले. मीटिंग चांगलीच लांबली आणि तिची टरफलं माझ्या डोक्यावर पडत राहिली. अखेर बोलावणं आलं. उजनीचं पाणी चढलं तर काठच्या गावांतली माणसं आणि जनावरं कुठं हलवायची, याचा सगळा बेत मी मान वर करकरून मांडला. साहेबांनी जांभई दिली.

"हे खालनं आलंय का?"

"नाही."

"मग वरनं येऊ द्या."

रोज हेच. कधी साहेब दौऱ्यावर, म्हणजे ढिगावरच भिंतीकडं तोंड करून. कधी फाईल सापडत नाही, कारण साहेब तिच्यावरच बसलेले. एकदा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यात खालची गादी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. साहेब गाद्यांसकट शेजारच्या कापसात आले. त्या दिवशी पहिल्यांदा चाचीचं मशीन थांबलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि कापसातून आवाज आला, "गेली तुझी नोकरी. आन माझं कंबरडं."

दुसऱ्या दिवशी ढीग पुन्हा उभा. मी बाकावर बसले. एवढे दिवस या दारातून आतबाहेर करत होते, पण साहेबांच्या नादात चाचीशी धड एक शब्द बोलले नव्हते. ती सुईत दोरा ओवायला धडपडत होती. मी ओवून दिला. तिनं वर एक नजर टाकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "साहेब नवीन हायेत. सही करायची म्हटलं की भेत्यात, उद्या आपल्यावर नको शेकायला. दुपारच्याला च्या प्यायला खाली येत्यात. तवा बोल."

दुपारी साहेब गुडघे धरत खाली आले. मीही बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "साहेब, सगळी गावं राहू देत. आधी एकट्या पळसदेवला करून बघू. फसलं तर संस्थेचं चुकलं म्हणा, जमलं तर नाव तुमचं."

चाचांनी सावकाश बशी संपवली. चाचीकडून खडू मागून घेतला आणि नव्याकोऱ्या खोळीवर लांबलचक सही ठोकली. मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात त्यांनी तळव्यानं ती साफ पुसून टाकली.

"साहेबांची बदली झाली. आता नवीन साहेब. बस बाकावर." आणि ते पुन्हा वर चढायला लागले. राग अनावर झाला होता, पण तोंडातून हसूच बाहेर पडलं.

मुलाखतीला समोर तिघं होती. बरंच विचारून झाल्यावर मधल्या बाई म्हणाल्या, "करार झाला आणि लगेच अधिकाऱ्याची बदली झाली, तर काय कराल?" मला खडू पुसणारा तो तळवा दिसला आणि मी भर मुलाखतीत खुदकन हसले. आता संपलं, असं वाटलं. सावरून म्हणाले, "पुन्हा बाकावर बसेन. फक्त या वेळी आधी दाराशी बसलेल्या माणसाशी बोलेन." तिघंही एकमेकांकडं बघून हसली.

नोकरी मिळाली. पेढे घेऊन गेले, तर पेढा हातात घेण्याआधी चाचांनी मला आडवं केलं. पुढं कुठल्या ना कुठल्या कार्यालयाबाहेर ताटकळत असले की मी त्यांना फोन लावायचे. "पाठ कशी हाय साहेबाची?" ते विचारायचे. उजनीकाठच्या गावांचा पहिला करार झाला तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, "शाईनं केली का खडूनं?" माझा स्वभाव काही बदलला नाही. भांडते अजून, पण चहा झाल्यावर.

चाचा गेले ते झोपेत, स्वतः भरलेल्या गादीवर. मातीला गर्दी होती, त्या गर्दीत मला रडताही आलं नाही. चाचीची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात पाळायचे चार महिने, संपून दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा मी एकटीच गेले. ती मशीनवर बसली होती. कोपऱ्यात तो ढीग तसाच होता, वरच्या गादीला मधोमध खळगा पडलेला. मी दारातच उभी राहिले.

चाचीनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या ढिगाकडं पाहिलं. पाय चालूच ठेवून म्हणाली, "बस जरा. साहेब मीटिंगमध्ये हायेत."

मी बाकावर बसले. मला कुठं जायची घाई नव्हती.